नावाचा हक्क आणि नावाचा शेष : ‘आत्मनिर्देश’ या संज्ञेविषयी

१

‘सेल्फ-आयडेंटिफिकेशन’ ही संज्ञा मराठी समीक्षेत रुळली असली, तरी तिला एक निश्चित मराठी नाव अद्याप मिळालेले नाही. कुणी तिच्यासाठी ‘आत्मतादात्म्य’ लिहितो, कुणी ‘स्व-ओळख’, कुणी ‘आत्मपरिचय’. आणि पुष्कळदा ‘अस्मितेचा शोध’ अशा सैल शब्दप्रयोगावर भागवले जाते. एम.ए.च्या वर्गात समीक्षाविचार शिकवताना हे सारे शब्द विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत एकमेकांच्या जागी आलेले मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. हा प्रश्न केवळ परिभाषेतील शिथिलतेचा असता, तर एखाद्या परिभाषाकोशाने त्याचा निकाल लावला असता. परंतु या शब्दांच्या मागे तीन वेगळ्या कृती उभ्या आहेत. त्यांची सरमिसळ झाली की लेखकाची दखल घेणे कोठे संपते आणि त्याच्यावर शिक्का मारणे कोठे सुरू होते, याचे भान सुटते.

पहिली कृती मानसिक आहे. वाचक पात्राशी, मूल आईबापांशी, अनुयायी नेत्याशी एकरूप होतो. येथे ‘तादात्म्य’ हा शब्द यथार्थ आहे. केनेथ बर्कने १९५० साली ‘अ ऱ्हेटरिक ऑफ मोटिव्ह्ज’ या ग्रंथात वक्तृत्वशास्त्राचा भर मन वळवण्याच्या कलेवरून तादात्म्यावर आणला, तोही याच अर्थाच्या परिसरात. दुसरी कृती प्रशासकीय आहे. जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहतो, धर्म विचारतो, मातृभाषा विचारतो आणि उत्तर रकान्यात लिहितो. ही ‘ओळख सांगणे’ झाली. तिसरी कृती या दोहोंहून वेगळी आहे. इतरांनी दिलेले नाव नाकारून, किंवा तेच नाव उलटे फिरवून, ‘मी अमुक आहे आणि तुम्हीही मला याच नावाने हाक मारावी’ असा दावा माणूस समाजासमोर करतो. या तिसऱ्या कृतीला मी ‘आत्मनिर्देश’ म्हणतो. निर्देश कुणाच्या तरी देखत, कुणाला तरी उद्देशून होत असतो. त्याला दिशा असते आणि त्याची किंमतही मोजावी लागते. साहित्यसमीक्षेला खरी कर्तव्ये आहेत ती या तिसऱ्या कृतीच्या संदर्भात, असे माझे प्रतिपादन आहे.

२

‘ओळख’ या मराठी शब्दाचे व्यवहार मोठे सूचक आहेत. ओळख होते, ओळख निघते, ओळख पटते. माणूस मोठ्या पदाला चढला की जुन्या सोबत्यांना ‘ओळख देत नाही’. या साऱ्या प्रयोगांत दुसरा कुणीतरी गृहीत आहे. ‘स्वतःला ओळख’ असा उपदेश करतानाही आपण एका माणसाचे दोन भाग पाडतो : एक ओळखणारा, दुसरा ओळखला जाणारा. ‘स्व-ओळख’ हा शब्द म्हणूनच मराठी कानाला किंचित अडखळतो. ओळखीचे जे काम भाषेने दोघांवर सोपवले आहे, ते हा शब्द एकट्याच्या गळ्यात घालतो.

कालिदासाच्या नाटकाच्या शीर्षकातच ‘अभिज्ञान’ आहे, म्हणजे ओळखीची खूण. पाचव्या अंकात शकुंतला दुष्यंताच्या दरबारात स्वतःची ओळख सांगते. ती खरे बोलत असते. तिच्याबरोबर आलेले आश्रमवासी राजाशी वादही घालतात. तरीही तिचे बोलणे ओळख ठरत नाही, कारण तिच्या बोटात अंगठी नाही. पुढे ती अंगठी एका कोळ्याच्या हातून राजापर्यंत पोचते आणि राजाला सारे स्मरते. मात्र तेव्हा शकुंतला तेथे नसते. सांगणारीचे सांगणे आणि ओळखणाऱ्याचे ओळखणे यांच्या मध्ये एक वस्तू येऊन बसली आहे. आजच्या व्यवहारात त्या वस्तूला आपण दाखला म्हणतो. ज्यांना आयुष्यात दाखल्याची गरज पडली नाही त्यांना शकुंतलेचा तो प्रसंग करुणरसाचा वाटतो. ज्यांनी जातपडताळणीच्या कार्यालयात आजोबांच्या शाळेचा उतारा घेऊन खेपा घातल्या आहेत त्यांना तो परिचयाचा वाटेल.

‘अस्मिता’ या शब्दाचा प्रवास याहून वेगळा आहे. पातंजल योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी दुसरा क्लेश. पाहणारा आणि पाहण्याचे साधन या दोन भिन्न गोष्टी एकच आहेत असे वाटणे, हे तिचे लक्षण. विसाव्या शतकातील मराठीत हाच शब्द स्वाभिमानाचा वाचक झाला : भाषिक अस्मिता, प्रादेशिक अस्मिता, जातीय अस्मिता. शब्दाला अर्थ बदलण्याचा अधिकार आहे आणि जुन्या अर्थाची आठवण देऊन कुणाचा स्वाभिमान खोडून काढणे हा माझा हेतू नाही. परंतु जुन्या अर्थात एक इशारा आहे, तो समीक्षेने हरवू नये. ज्या नावाच्या द्वारे मी जगाकडे पाहतो ते नाव आणि मी, यांत तसूभरही अंतर उरले नाही, तर ज्या नावाने मुक्त केले त्याच नावात पुढे कोंडून राहावे लागते.

३

आत्मनिर्देशाची सारी गुंतागुंत ज्या एका उदाहरणात एकवटली आहे ते मराठीच्या घरातलेच आहे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात स्थानिक मंडळांविषयीच्या विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द योजला गेला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. शब्द अपमानकारक हेतूने योजला होता असे कुणी म्हणणार नाही; गांधीजींनी तो गौरवासाठीच प्रचारात आणला होता. आक्षेप निराळ्या ठिकाणी होता. ज्यांचे नाव ठेवले जात होते त्यांना विचारले गेले नव्हते. मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे निंदा. दोन्हींत नाव ठेवणारा वर असतो आणि ज्याचे नाव ठेवले जाते तो पाळण्यात असतो. अल्थ्यूसरने १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात रस्त्यावरच्या पोलिसाच्या हाकेचे उदाहरण दिले आहे : हाक ऐकून माणूस वळतो आणि त्या वळण्यातच व्यवस्थेचा ‘विषय’ बनतो. १९३८ मधील सभात्याग म्हणजे हाक ऐकू येऊनही न वळण्याची कृती होती.

पुढील इतिहास सरळ रेषेत जात नाही. १९५६ मध्ये नागपूर येथे धर्मांतर झाले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद सुमारे अडीच हजार होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. जनगणनेच्या रकान्यात, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या कृतीच्या जागेत, लाखो माणसांनी तिसऱ्या प्रकारची कृती केली. तिची किंमतही होती. १९५० च्या घटनात्मक आदेशानुसार अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आले. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. ‘बौद्ध’ असे सांगणे म्हणजे तोवर केंद्रातील एक हक्क सोडणे होते. शासनव्यवहाराने मात्र त्यांना ‘नवबौद्ध’ म्हटले. नव्या नावावर जुन्या नोंदीची खूण ठेवली.

धर्मांतरानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक होते अण्णा भाऊ साठे. ज्यांनी ‘बौद्ध’ हे नाव घेतले होते त्यांच्यापैकीच अनेकांनी वाङ्मयासाठी ‘दलित’ हा शब्द स्वीकारला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने १९७३ च्या जाहीरनाम्यात या शब्दाची व्याप्ती अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्ध यांच्यापासून कामगार, भूमिहीन शेतमजूर आणि स्त्रिया यांच्यापर्यंत नेली. हा आत्मनिर्देश जन्माने मिळालेल्या समूहापेक्षा मोठा समूह घडवू पाहत होता. लवकरच त्यातील ताण उघड झाला. १९७४ मध्ये राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्या वादाच्या मुळाशी बुद्ध-आंबेडकर आणि मार्क्स यांच्या नात्याचा प्रश्न होता, म्हणजे पर्यायाने ‘आपण स्वतःला काय म्हणायचे’ हाच प्रश्न होता. पुढे ‘बौद्ध साहित्य’, ‘आंबेडकरवादी साहित्य’, ‘आंबेडकरी साहित्य’ ही नावे आली आणि ‘दलित’ या शब्दात दैन्य आहे, असा आक्षेप आतूनच घेतला गेला. २०१८ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेल्या निर्देशानंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑगस्टमध्ये दूरचित्रवाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ म्हणावे, अशी सूचना केली. या नावाखाली लिहिणाऱ्या आणि लढणाऱ्या अनेकांनी तिला विरोध केला. प्रशासनाचा रकाना पुन्हा एकदा आत्मनिर्देशाची जागा मागत होता.

या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आत्मनिर्देश म्हणजे आत आधीच तयार असलेल्या ‘स्व’चे केवळ निवेदन नव्हे. तसे असते, तर एका पिढीत तीन-चार नावे पालटण्याला चंचलपणा म्हणावे लागले असते. प्रत्येक नाव कुणाला तरी दिलेले उत्तर आहे. ‘बौद्ध’ हे वर्णव्यवस्थेला, ‘दलित’ हे साहित्यसंस्थेला, ‘आंबेडकरी’ हे आपल्याच चळवळीतील मतभेदाला. प्रश्न बदलला की उत्तरही बदलते.

४

वाङ्मयात ही कृती सर्वांत ठळकपणे दिसते ती शीर्षकांत. ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ (१९८७) : लक्ष्मण माने, शरणकुमार लिंबाळे आणि लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनांना दिलेली ही नावे इतरांनी मारलेल्या हाका आहेत. एकीत परकेपण आहे, दुसरीत जन्मावरचा डाग आहे, तिसरीत चोरीचा ठपका. आणि या ठपक्यामागे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सावली आहे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावर शासनाने ‘विमुक्त’ हा शब्द दिला. गायकवाडांनी मात्र मुखपृष्ठासाठी तो निवडला नाही. शिवी मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाशेजारी छापली गेली की तिचा उच्चार करणारा वाचक अवघडतो. ग्रंथालयात जाऊन ‘मला अक्करमाशी हवे आहे’ असे म्हणताना आपण काय उच्चारतो आहोत, याची जाणीव त्याला होते. नाव तेच राहते. लाज मात्र आता उच्चारणाऱ्याच्या वाट्याला येते.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) रचना अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे दगडू मारुती पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो. गावाने हाक मारलेला दगडू आणि साहित्याने ओळखलेला दया हे एकाच देहात राहणारे दोघे आहेत. एक सांगतो, दुसरा ऐकतो. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे. त्यांचा आत्मनिर्देश बहुवचनी आहे. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या पुस्तकावर बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लावले. महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय २०२४ मध्ये घेतला. रकाना साहित्याच्या मागून, तीस वर्षांनी, त्या जागी पोचला.

आणि न सांगण्याचे काय? बाबुराव बागूल यांच्या १९६३ मधील कथासंग्रहाचे शीर्षक ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. शीर्षककथेचा नायक परगावी रेल्वेच्या नोकरीवर जातो, राहायला खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही आणि ती उघड होताच मार खातो. त्याच कथेतला काशिनाथ मात्र आपली ओळख छातीठोकपणे सांगत वावरतो. ‘चोरली’ या क्रियापदापाशी थोडे थांबले पाहिजे. मराठीत माणूस अंग चोरतो, काम चोरतो; म्हणजे स्वतःचेच काहीतरी आखडून घेतो. बागुलांच्या नायकाने दुसऱ्याचे काही पळवलेले नाही. अंग चोरून बसावे तशी त्याने जात चोरली, आणि जगाने तिला चोरीचा पहिला अर्थ लावला. स्वतःचे नाव स्वतः ठरवण्याच्या हक्कात ते न सांगण्याचा हक्कही येतो. ज्या समाजात तो नाही तेथे मौनसुद्धा गुन्हा ठरते.

कायद्याच्या भाषेत ही संज्ञा सर्वांत स्पष्टपणे आली ती लिंगभावाच्या संदर्भात. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ खटल्याच्या निकालात व्यक्तीने स्वतः ठरवलेल्या लिंगभावाला मान्यता दिली आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर ठरवले. या खटल्यात लक्ष्मी नारायण त्रिपाठी हस्तक्षेपकर्त्या होत्या. वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले त्यांचे आत्मकथन ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ २०१२ चे. त्या शीर्षकात ‘मी’ दोनदा येतो आणि मध्ये स्वल्पविराम आहे. शिवी म्हणून वापरला जाणारा समूहाचा शब्द आणि व्यक्तीचे नाव, दोन्ही ‘मी’चेच, तरी एकात दुसरे विरघळलेले नाही. २०१९ च्या कायद्याने स्वतःला जाणवणाऱ्या लिंगभावाचा हक्क शब्दशः मान्य केला आणि त्याचबरोबर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची तरतूद केली. दुष्यंताच्या दरबाराला पुन्हा अंगठी हवी होती.

५

हा विचार मला निव्वळ सैद्धांतिक राहू देणार नाही असा एक प्रसंग काही वर्षांपूर्वी आला. माझ्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या आराखड्याच्या शीर्षकात ‘आंबेडकरी स्त्रियांची आत्मकथने’ असे लिहिले होते. संबंधित समितीने ‘आंबेडकरी’च्या जागी ‘दलित’ सुचवले. रूढ संज्ञा तीच आहे, ग्रंथालयाच्या सूचीतही तीच आहे, हे कारण. तिचे म्हणणे असे की तिच्या अभ्यासातील काही लेखिका स्वतःला त्या नावाने संबोधत नाहीत. चर्चा वाढली तेव्हा एका सदस्यांनी अगदी सौम्य स्वरात विचारले, “तुम्ही स्वतः त्यांच्यापैकी आहात का?” ती म्हणाली, “सर, तो रकाना प्रवेश अर्जात होता. आराखड्यात नाही.”

शीर्षक अखेर समितीच्या सूचनेप्रमाणे झाले. पण तिने प्रबंधाचे एक संपूर्ण प्रकरण या प्रश्नाला दिले : कोणती लेखिका संहितेत कोणत्या ठिकाणी, कुणाशी बोलताना स्वतःला काय म्हणते. माहेरचे नाव, सासरचे नाव, शाळेच्या हजेरीपटावरचे नाव, चळवळीतले नाव, मुखपृष्ठावरचे नाव. मार्गदर्शक म्हणून त्या प्रकरणाचे कच्चे खर्डे वाचताना मला असे दिसले की ‘प्रातिनिधिक’ म्हणून आपण ज्या संहितांची बोळवण करतो, त्यांत एकही लेखिका एका नावावर थांबत नाही. समितीचा प्रश्न आणि तिचे उत्तर यांतूनही तेच सिद्ध होत होते. तिला विचारलेला प्रश्न इतर संशोधकांना विचारला जात नव्हता. शेक्सपिअरवर प्रबंध लिहिणाऱ्याला ‘आपण इंग्रज आहात का’ असे कुणी विचारत नाही.

६

मग समीक्षेने करावे काय? उत्तर शोधताना मला न. चिं. केळकरांची आठवण होते. १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःच्या भूमिकेचे भान सोडत नाही. वाङ्मयानंद या दुहेरी अवस्थेत आहे, असे तिचे सार. केळकरांचा विषय वाचकाचा आनंद हा होता. त्यांच्या संज्ञेचा मी येथे विस्तार करू पाहतो. आत्मनिर्देशही सविकल्पच असतो. नाव घेणारा त्या नावात पूर्ण निष्ठेने शिरतो आणि तरीही नावाच्या बाहेर त्याचे काही उरते. हा उरलेला शेष म्हणजे निष्ठेतली उणीव नव्हे. दगडूची गोष्ट दया ऐकू शकतो ती याच शेषाच्या बळावर. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना ‘मी’ राहू शकतो तोही त्याच्याच आधाराने.

यातून समीक्षकाची काही बंधने निघतात. लेखकाने घेतलेले नाव समीक्षकाने घ्यावे. ते पटले नाही तर त्याच्याशी वाद घालावा, पण परस्पर बदलू नये. नाव घेतल्यावर ते कुणाला उद्देशून घेतले गेले आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहावे. त्याविना नाव केवळ वर्गीकरणाची चिठ्ठी होते. आणि नाव म्हणजे वाचनाची सीमा मानू नये. ज्या कवितेला आपण तिच्या विशेषणापुरतेच वाचले, तिला आपण नाव दिले पण ओळख दिली नाही.

शेवटी एक प्रश्न समीक्षेने स्वतःलाही विचारायला हवा. दलित, ग्रामीण, आदिवासी, स्त्रीवादी, मुस्लिम मराठी : आपल्या अभ्यासक्रमात अशी विशेषणे लागलेली साहित्ये आहेत, आणि एक साहित्य विशेषणाविना ‘मराठी साहित्य’ म्हणून शिकवले जाते. ते लिहिणाऱ्याला, त्यावर लिहिणाऱ्याला आणि ते शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला कुणी त्याची ओळख विचारत नाही. पण विशेषण न लावणे हाही एक निर्देशच आहे; फक्त त्याचा उच्चार करण्याची गरज पडत नाही आणि त्यासाठी दाखला मागितला जात नाही. ज्यांना नाव सांगावे लागले त्यांनी मराठी साहित्याला आत्मनिर्देशाचा अर्थ शिकवला. ज्यांना ते कधी सांगावे लागले नाही, त्यांचा अभ्यास अजून व्हायचा आहे.